मोजणीआधीचं काम

ऑनलाइन विक्री करणाऱ्या कुठल्याही दुकानाच्या बैठकीत एक प्रसंग हमखास येतो. कालच्या ऑर्डरी किती, या साध्या प्रश्नाला तीन उत्तरं मिळतात. जाहिराती सांभाळणारा एक आकडा सांगतो, गूगल अ‍ॅनालिटिक्स उघडून बसलेला दुसरा सांगतो आणि टॅलीत नोंदी करणाऱ्या हिशेबनिसाकडे तिसराच असतो. मग अर्धा तास कोणाचा आकडा खरा यावर जातो आणि ज्या निर्णयासाठी बैठक बोलावली तो पुढच्या आठवड्यावर ढकलला जातो. हे पुस्तक त्या तीन आकड्यांच्या मुळाशी जाण्यासाठी लिहिलं आहे. आकडे दाखवणारी साधनं सहसा दोषी नसतात. दोष वेबसाइटच्या कोडमध्ये असतो. तिथे ‘ऑर्डर झाली’ हे एकच वाक्य तीन ठिकाणी, तीन वेगळ्या क्षणांना आणि बहुधा तीन वेगळ्या माणसांनी लिहिलेलं असतं.

ते वाक्य एकदाच लिहायचं, एकाच जागी लिहायचं आणि तिथून ज्याला हवं त्याच्याकडे पोचवायचं, एवढ्यासाठी वेबसाइट आणि मोजणीची साधनं यांच्या मध्ये एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी बसवतात. या पुस्तकाचा विषय ती लायब्ररी आहे. मी हे काम रोज करतो. ते तांत्रिक कमी आणि भाषेचं जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्या दुकानात काय काय घडतं, हे आपण आपल्या शब्दांत ठरवलं नाही, तर ते दुसरी कंपनी तिच्या सोयीने ठरवते.

मोजणी पानाच्या आत कशी शिरली, हे थोडं मागे जाऊन बघायला हवं. १९९०च्या दशकाच्या मध्यावर सगळी मोजदाद सर्व्हरच्या लॉगवर चाले. ब्राउझरने काहीही मागितलं की लॉगमध्ये एक ओळ पडे. पानावर दहा चित्रं असली तर एका वाचकाच्या एका भेटीच्या अकरा ओळी होत, आणि त्या ओळींना ‘हिट्स’ म्हणून मिरवलं जाई. मग मोजणी ब्राउझरमध्ये आली. पानात जावास्क्रिप्टचा एक तुकडा असे आणि तो एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच असं पारदर्शक चित्र मागवी. पानाचं शीर्षक, स्क्रीनची रुंदी, वाचक कुठल्या साइटवरून आला, अशी सगळी माहिती त्या चित्राच्या पत्त्याच्या मागे जोडलेली असे. चित्र कोणाला दिसायचं नसेच. मागणी सर्व्हरपर्यंत पोचली की काम झालं. सॅन डिएगोच्या अर्चिन सॉफ्टवेअर या कंपनीला गूगलने एप्रिल २००५मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल अ‍ॅनालिटिक्स लोकांना फुकट मिळू लागलं. जाहिरातीच्या लिंकमागे आजही जे ‘यूटीएम’ दिसतं, ती अर्चिनचीच खूण.

फुकट मिळालं म्हणून सगळ्यांनी ते घेतलं, आणि मग पुढची पंधरा-अठरा वर्षं त्याच्या मागे धावण्यात गेली. आधी अर्चिन.जेएस होतं. २००७च्या अखेरीस जीए.जेएस आलं. मग युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स आणि त्याचं अ‍ॅनालिटिक्स.जेएस, २०१७मध्ये जीटॅग, ऑक्टोबर २०२०मध्ये जीए फोर. प्रत्येक वेळी हाक मारायची पद्धत बदलली. शेवटच्या वेळी तर हिशेबाचा पायाच बदलला: पूर्वी भेटी आणि पानं मोजली जात, आता प्रत्येक गोष्ट म्हणजे एक इव्हेंट झाली. १ जुलै २०२३पासून जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने नवी माहिती घेणं थांबवायला सुरुवात केली. ज्यांच्या साइटवर गूगलच्या पद्धतीने लिहिलेल्या ओळी शेकडो फायलींमध्ये विखुरल्या होत्या, त्यांना प्रत्येक बटण शोधून काढावं लागलं. ज्यांनी मध्ये स्वतःचा थर ठेवला होता, त्यांना मुख्य बदल त्या थरातच करावा लागला. मधल्या लायब्ररीची गरज पटवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

या कल्पनेला ज्या लायब्ररीने रूप दिलं, ती दोन अपयशांतून आली. पीटर राइनहार्ट, कॅल्विन फ्रेंच-ओवेन, इल्या व्होलोदार्स्की आणि इयन स्टॉर्म टेलर या चार अमेरिकन तरुणांनी २०११मध्ये महाविद्यालयांसाठी एक सॉफ्टवेअर केलं. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला ‘मला समजलं नाही’ हे प्राध्यापकांना तिथल्या तिथे कळवता यावं, अशी योजना होती. लॅपटॉप उघडल्यावर विद्यार्थी भलत्याच साइटवर रमले आणि ती योजना बारगळली. मग त्यांनी अ‍ॅनालिटिक्सचं स्वतःचं साधन काढलं. तेही चाललं नाही. पण गिऱ्हाइकाला ते बसवणं सोपं जावं म्हणून त्यांनी काही शे ओळींचा कोड लिहिला होता: एकदा सांगा, तो गूगललाही कळवेल, मिक्सपॅनेललाही कळवेल आणि आम्हालाही. डिसेंबर २०१२मध्ये त्यांनी एवढाच कोड अ‍ॅनालिटिक्स.जेएस या नावाने सर्वांसाठी खुला केला. प्रोग्रामरांनी तो उचलून धरला. ज्याला ते अडगळ समजत होते, तोच त्यांचा धंदा झाला, सेगमेंट या नावाने. २०२०मध्ये ट्विलिओने ती कंपनी सुमारे ३.२ अब्ज डॉलरना घेण्याचं जाहीर केलं. गूगलच्या एका फायलीचं नावही अ‍ॅनालिटिक्स.जेएस असल्यामुळे जुना कोड वाचताना नवा डेव्हलपर गोंधळतो. दोन्ही पूर्ण वेगळ्या आहेत. आज याच जातीच्या इतर लायब्रऱ्याही भरपूर आहेत: रडरस्टॅक, स्नोप्लाउ, जित्सू. कोणती निवडावी हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कारण या सगळ्यांचा गाभा दोन-तीन कल्पनांचा आहे आणि त्या समजल्या की कुठलीही चालवता येते.

पहिली कल्पना रांगेची. पानाच्या सुरुवातीला जो छोटा तुकडा टाकतात, तो मुळात एक रिकामी यादी तयार करतो आणि त्या यादीला लायब्ररीतल्या प्रत्येक क्रियेच्या नावाचं एक पोकळ फंक्शन लावून ठेवतो. खरी फाइल अजून वाटेत असते. कोणी एसटीत बसून, नेटवर्क येत-जात असताना पान उघडलं आणि फाइल पोचायच्या आत ‘टोपलीत टाका’ दाबलं, तर पोकळ फंक्शन ती हाक तिच्या सगळ्या तपशिलासह यादीत ठेवतं. फाइल आली की ती यादी वरून खाली वाचते आणि राहिलेली प्रत्येक हाक क्रमाने पुरी करते. पानाला थांबावं लागत नाही आणि हाक वाया जात नाही. ही युक्ती गूगलने २००९मध्ये आपल्या तुकड्यात आणली होती आणि आज या प्रकारच्या बहुतेक तुकड्यांत ती सापडते. ती नीट समजलेला डेव्हलपर ‘इव्हेंट फायर झाला पण दिसत नाही’ ही तक्रार पुष्कळ लवकर सोडवतो.

दुसरी कल्पना क्रियांची. पेज म्हणजे वाचक या पानावर आला. ट्रॅक म्हणजे त्याने अमुक केलं. आयडेंटिफाय म्हणजे हा वाचक अमुक आहे. ग्रुप म्हणजे तो अमुक संस्थेचा आहे. लॉगिन होईपर्यंत वाचकाला एक निनावी क्रमांक दिलेला असतो आणि तो ब्राउझरमध्ये साठवलेला असतो. लॉगिन झालं की आयडेंटिफायची हाक जाते आणि त्या निनावी क्रमांकामागचा प्रवास खऱ्या ग्राहकाला जोडता येतो. इथे एक खाच आहे. सफारी ब्राउझर जावास्क्रिप्टने लिहिलेली कुकी २०१९पासून सात दिवसांहून जास्त ठेवत नाही. दिवाळी अंक विकणाऱ्या साइटवर आयफोनवरून सप्टेंबरअखेर चक्कर मारून गेलेला वाचक वसुबारसेला परत आला, तर तो नवाच माणूस म्हणून मोजला जातो. मग ‘आपले जुने वाचक परत येत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो आणि त्यावर पैसे खर्च होतात.

तिसरी गोष्ट नावांची, आणि या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी तिला दिला आहे. सेगमेंटच्या मंडळींनी पाडलेली रीत मला अजूनही पटते: आधी वस्तू, मग पूर्ण झालेली क्रिया. प्रॉडक्ट व्ह्यूड, प्रॉडक्ट अ‍ॅडेड, ऑर्डर कम्प्लीटेड. ‘ऑर्डर कम्प्लीटेड’ या नावात एक बांधिलकी आहे. बटण दाबलं म्हणून ते पाठवता येत नाही, पैसे जमा झाल्यावरच पाठवता येतं. ‘बाय बटण क्लिक’ असं नाव ठेवलं की रंग बदलला, बटण हललं, दोन बटणं झाली की नावाचा अर्थ सुटतो. मधली लायब्ररी आपल्या ‘ऑर्डर कम्प्लीटेड’चं गूगलसाठी ‘परचेस’ करते आणि प्रत्येक साधनाला त्याच्या त्याच्या भाषेत कळवते. आपली भाषा मात्र आपल्याकडेच राहते. साधारण साइटला वीस-पंचवीस इव्हेंट पुरतात. प्रत्येक क्लिक आपोआप टिपून ठेवण्याची सोय काही साधनं देतात आणि ती मोहात पाडते, पण तिच्यातून जमलेल्या ढिगाला सहा महिन्यांनी कोणी हात लावत नाही.

आता त्या तीन आकड्यांकडे येऊ, कारण आपल्याकडे त्यांचं कारण बरेचदा पैसे भरण्याच्या वाटेवर सापडतं. ग्राहक ‘पैसे भरा’ दाबतो, पेमेंट गेटवेच्या पानावर जातो, तिथून फोनमधलं यूपीआय अ‍ॅप उघडतं, तो पिन टाकतो, पैसे जातात. पैसे गेल्याचा मेसेज त्याला बँकेकडून येतो आणि त्याचं काम झालेलं असतं. तो ब्राउझरकडे परत येतोच असं नाही. ‘धन्यवाद’चं पान उघडलंच नाही तर त्या पानावर लिहिलेली ट्रॅकची हाकही जात नाही. हिशेबनिसाकडे ऑर्डर आहे, अ‍ॅनालिटिक्समध्ये नाही. याच्या उलटही होतं: ग्राहक ते पान जपून उघडं ठेवतो, दुसऱ्या दिवशी फोन हातात घेतल्यावर ब्राउझर ते पुन्हा लोड करतो आणि एका ऑर्डरीच्या दोन होतात. आणि जो परत येतो तो गेटवेच्या पत्त्यावरून येतो, म्हणून अहवालात सर्वाधिक विक्री करून देणारी साइट म्हणून पेमेंट गेटवेचं नाव झळकतं. यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. ऑर्डर पूर्ण झाल्याची हाक सर्व्हरवरून पाठवायची, गेटवेने पैसे मिळाल्याचं कळवल्यावर. तिच्यासोबत ऑर्डरचा क्रमांक द्यायचा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली तीच ऑर्डर ओळखून वगळता येते. गेटवेचा पत्ता वगळायच्या यादीत घालायचा. बहुतेक इंग्रजी मार्गदर्शकं कार्डाने तिथल्या तिथे पैसे भरणारा ग्राहक समोर ठेवून लिहिलेली असतात, त्यामुळे आपला डेव्हलपर ती जशीच्या तशी उतरवतो आणि फसतो.

मराठी साइटची आणखी एक अडचण मला सविस्तर मांडायची आहे, कारण ती मला कुठल्या मार्गदर्शकात भेटली नाही. पुस्तकविक्रीच्या साइटवर वाचक शोधचौकटीत ‘वाऱ्यावरची वरात’ लिहितो. त्यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य झीरो विड्थ जॉइनर घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत, युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरीही. कोणता प्रकार उमटेल हे कीबोर्डवर अवलंबून असतं. अहवालात मग पु. लं.चं हे पुस्तक दोन ओळींत विभागलं जातं आणि ज्याला सर्वांत जास्त मागणी आहे ते यादीत खाली घसरतं. पुढची गंमत पत्त्याची. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर थेट जात नाही. प्रत्येक अक्षर किंवा काना-वेलांटी तीन बाइटची, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एका कान्याची नऊ चिन्हं. नुसता ‘मराठी’ शब्द पंचेचाळीस चिन्हांचा होतो. जीए फोरमध्ये इव्हेंटसोबतच्या साधारण माहितीला १०० चिन्हांची मर्यादा आहे. शोधलेला शब्द पत्त्यातून उचलून तसाच पाठवला, तर ‘वाऱ्यावरची’ आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून त्र्याण्णव चिन्हं खर्च होतात आणि ‘वरात’चा पहिला ‘व’ अर्ध्यात कापला जातो. ते तुटलेलं टोक जावास्क्रिप्टने परत उलगडायला गेलं तर एरर येते.

हे दुरुस्त करायची जागा एकच: मधला थर. तिथे चार ओळींचं एक फंक्शन हवं. पत्त्यातला मजकूर आधी उलगडायचा, ‘ऱ्या’ची दोन रूपं एका रूपात आणायची, आणि किंमत असेल तर ती पानावरच्या मजकुरातून न घेता मूळ डेटातून घ्यायची. कारण पानावर ‘२५०’ असं देवनागरीत छापलं असेल तर जावास्क्रिप्टला ती संख्या वाटत नाही. एकदा हे केलं की सर्व साधनांकडे स्वच्छ मराठी जातं. मराठी वाचक काय शोधतो याचे विश्वासार्ह आकडे प्रकाशकांच्या हाती आले, तर कुठलं पुस्तक पुन्हा छापायचं हे ठरवताना त्यांचा मोठा उपयोग होईल. या कामाविषयी मला एवढं का वाटतं, त्याचं हे एक मुख्य कारण.

टॅग मॅनेजरविषयी थोडक्यात. गूगलचा टॅग मॅनेजर ऑक्टोबर २०१२मध्ये आला आणि त्याने मार्केटिंगवाल्यांना डेव्हलपरची वाट न बघता टॅग, म्हणजे मोजणीच्या कोडचे तुकडे, टाकायची मुभा दिली. सोय खरी आहे. पण ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो साइटवर कुठलीही स्क्रिप्ट चढवू शकतो, आणि ती कोणी तपासत नाही. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की वाचकाची पडद्यावरची प्रत्येक हालचाल टिपणाऱ्या स्क्रिप्ट्स फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूरही उचलत होत्या, काही ठिकाणी पासवर्डसुद्धा. त्यातल्या पुष्कळ साइटच्या मालकांना याची कल्पनाही नसणार. म्हणून टॅग मॅनेजर वापरावा, पण लायब्ररीकडून आलेले ठरलेले इव्हेंटच त्याने घ्यावेत आणि पानावर स्वतः काही शोधायला जाऊ नये, असा माझा आग्रह आहे.

इथून परवानगीचा विषय निघतो, आणि तो शेवटच्या प्रकरणात परिशिष्टासारखा टाकायला माझी तयारी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. युरोपचा जीडीपीआर २५ मे २०१८पासून लागू झाला. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यातल्या तीन तरतुदी प्रत्येक मराठी साइटवाल्याने वाचाव्यात. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं लागतं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणं याला मनाई आहे; सवलती आहेत, पण मोजक्या. बालसाहित्य किंवा शालेय अभ्यासाची साइट चालवणाऱ्यांनी ही तिसरी तरतूद दोनदा वाचावी.

हे सगळं पाळायचं तर माहिती बाहेर जाण्याची वाट एकच हवी. गोदामाला दार एक असलं की काय बाहेर गेलं याची वही ठेवता येते. भिंतीला चार भगदाडं असतील तर वहीचा उपयोग नाही. वाचकाने नको म्हटलं की मधल्या थराने ट्रॅकची हाक तिथेच सोडून द्यायची, रांगेत साठवूनही ठेवायची नाही. फोन नंबर, ईमेल, आधार क्रमांक असं काही चुकून इव्हेंटमध्ये आलं तर ते पुढे जायच्या आधी गाळायचं. काही कंपन्या अ‍ॅडब्लॉकर चुकवण्यासाठी दुसऱ्याचा सर्व्हर आपल्याच उपपत्त्याआड लपवतात. मी ही युक्ती या पुस्तकात शिकवलेली नाही. ज्या वाचकाने मोजणी अडवणारं साधन स्वतः बसवलं आहे, त्याने आपलं उत्तर दिलेलं आहे. आकडे थोडे कमी भरतील, भरू देत. एकूण ऑर्डरी हिशेबनिसाकडे असतातच.

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं कोड न येणाऱ्यांनाही वाचता यावीत, अशी मी मुद्दाम लिहिली आहेत. दुकानाचा मालक, हिशेबनीस, जाहिरात बघणारा आणि डेव्हलपर यांनी एका टेबलाशी बसून इव्हेंटची यादी करायची, प्रत्येकापुढे तो नेमका कधी घडला असं मानायचं हे लिहायचं आणि ही यादी कोणाला विचारून बदलायची हे ठरवायचं, एवढाच या प्रकरणांचा विषय आहे. चौथ्यापासून कोड सुरू होतो. उदाहरणांसाठी मी एका काल्पनिक दिवाळी अंकविक्रेत्याची साइट घेतली आहे आणि लायब्ररी आपणच लिहिली आहे, दीडशेच्या आसपास ओळींची, म्हणजे तिच्यातली प्रत्येक ओळ वाचकाला समजून घेता येईल. ती चालू लागली की नवव्या प्रकरणात तिच्या जागी एक तयार लायब्ररी बसवली आहे. साइटच्या बाकीच्या कोडमधली एकही ओळ तिथे बदललेली नाही. वाचकाने ते स्वतः करून बघावं.